फिरत्या बशीतला भात

आपल्याकडे पंगत बसली की माणसे जागेवर आणि वाढपी फिरता. भात येतो, वरण येते, मागोमाग आग्रह करणारा येतो. जपानमध्ये मी एका पंगतीला बसलो, तिथे वाढपीच नव्हता. जेवणच आमच्यासमोरून फिरत होते.

२०२५ च्या मे महिन्यात निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या बारा शेतकऱ्यांबरोबर अभ्यास दौऱ्यावर जपानला जाण्याचा योग आला. तिथली हरितगृहे, सहकारी संस्था, बाजार यांविषयी पुढे केव्हातरी सवडीने लिहीन. आज एका जेवणाविषयीच लिहितो, कारण परत आल्यापासून ज्या गावात बैठकीला जावे तिथे पहिला प्रश्न हाच येतो, ‘‘साहेब, तिकडं कच्चा मासा खाल्ला का?’’

खाल्ला. पण सांगण्यासारखी गोष्ट आहे ती माशाखालच्या भाताची.

दिवस होता २१ मेचा. ओसाका शहराला पूर्वेकडून लागून हिगाशी-ओसाका नावाचे गाव आहे. गाव म्हणायचे, पण वस्ती मोठी आणि सगळीकडे लहानमोठे कारखाने. दिवसभर अवजारे आणि यंत्रे पाहून पाय भरून आले होते. आमच्या दुभाषी मॅडम मूळच्या पुण्याच्या, लग्नानंतर तिकडेच स्थायिक झालेल्या. त्या म्हणाल्या, ‘‘आज तुम्हाला फिरती सुशी दाखवते. तिचा जन्म याच गावातला.’’

दुकान रस्त्याच्या कडेला, मोठ्या पाट्यांचे, आत शाळेतून आणि कामावरून आलेली घरेच्या घरे. दारात स्वागताला कोणी नाही. एका पडद्यावर किती माणसे ते बोटाने दाबायचे, की नंबराची चिठ्ठी बाहेर येते. आम्ही दोन-तीन टेबलांवर विभागून बसलो. माझ्या टेबलावर मॅडम, भोरकडचे भातवाले आबा, कराडचे एक ऊसवाले, दिंडोरीचे एक द्राक्षवाले आणि जालन्याकडच्या मावशी. मावशींचे सोयाबीन आणि तूर. आबा माळकरी, त्यामुळे त्यांच्या जेवणाची काळजी मला सकाळपासूनच लागली होती.

टेबलाच्या एका अंगाला भिंत असावी तिथे पट्टा. हातभर रुंदही नाही. त्याच्यावरून बशा सावकाश चाललेल्या, प्रत्येक बशीवर पारदर्शक झाकण. कोणावर लाल मासा, कोणावर पांढरा, कोणावर अंड्याची पिवळी वडी, आणि मध्येच एक पुडिंगची वाटी. स्वयंपाकघरातून निघायचे, सगळ्या टेबलांपुढून जायचे, पुन्हा स्वयंपाकघरात शिरायचे.

कराडकरांनी दोन मिनिटे निरखून पाहिले आणि म्हणाले, ‘‘आयला, ही तर कारखान्याची गव्हाण! नुसतं उसाच्या जागी भात.’’

एवढ्यात एक प्रसंग गुदरला. टेबलाच्या कडेला भिंतीतून एक लहान नळी बाहेर आलेली आणि तिच्याखाली काळे बटण. जेवायच्या आधी हात धुवायची आपली रीत. दिंडोरीकर पुढे सरकले, ओंजळ धरली आणि मनगटाने बटण दाबायला गेले. मॅडमनी झडप घालून त्यांचा हात बाजूला ओढला. त्या नळीतून चहासाठी उकळते पाणी येते! जवळच्या डब्यात हिरव्या चहाची पूड असते. पेल्यात चिमूटभर टाकायची, पेला बटणाला टेकवून दाबायचा, की चहा तयार. दूध नाही, साखर नाही, पैसेही नाहीत. मॅडम म्हणाल्या, परदेशी पाहुण्यांची हीच चूक नेहमी होते. हात पुसायला ओला कागदी रुमाल मिळतो. कोणी तिकडे गेलात तर एवढे लक्षात ठेवा. मासा नावडला तर बशी सोडता येते, पोळलेला हात घेऊन मात्र दहा दिवस फिरावे लागते.

आता जेवायची पद्धत. पट्ट्यावरून हवी ती बशी उचलायची. झाकणाला हात लावायचा नाही, बशीची कड जरा वर ओढली की झाकण आपोआप उघडते. उचललेली बशी परत ठेवायची नाही. एका बशीत साधारण दोन घास असतात. समोरून जात नसलेली वस्तू हवी असेल तर पडद्यावर तिचे चित्र दाबायचे. ती वरच्या दुसऱ्या पट्ट्यावरून धावत येते आणि नेमकी आपल्या टेबलापुढे थांबते. रिकाम्या बशा टेबलाच्या कडेच्या फटीत टाकायच्या. आत पाण्याचा पाट आहे, त्यातून त्या वाहत धुण्याच्या जागी जातात आणि जाता जाता मोजल्याही जातात. पाच बशा झाल्या की पडद्यावर लहान मुलांसाठी एक खेळ लागतो. जिंकले तर वरून खेळणे पडते. शेजारच्या टेबलावरचे एक पोर बापाला ‘अजून एक बशी खा’ म्हणून हट्ट करत होते. ते पाहून मावशी म्हणाल्या, ‘‘दुकानदार लई हुशार हाय बया. लेकराच्या हातून बापाला खाऊ घालायलाय.’’

ही झाकणे सगळ्याच दुकानांत नसतात. २०२३ च्या जानेवारीत एका दुकानात एका मुलाने टेबलावरची सोयासॉसची बाटली चाटली आणि पट्ट्यावरून जाणाऱ्या घासाला थुंकीचे बोट लावले. त्याचे चित्रीकरण देशभर पसरले. लोक बिथरले. पुष्कळ दुकानांनी बशा फिरवणे बंद केले आणि मागणीप्रमाणेच थेट पाठवायला सुरुवात केली. म्हणजे ‘फिरती सुशी’ हे नाव राहिले, फिरणे मात्र बऱ्याच ठिकाणी थांबले. आम्ही गेलो तिथे ते अजून चालू होते.

ही युक्ती काढणाऱ्या माणसाचे नाव योशिआकी शिराइशी. महायुद्धानंतर त्यांनी याच भागात एक लहानसे सुशीचे दुकान टाकले. गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूच्या कारखान्यांतले कामगार. सुशी तोवर खिशाला महाग. स्वस्त द्यावी तर वाढायला माणसे ठेवणे परवडेना. अशात बिअरच्या एका कारखान्यात त्यांनी बाटल्या पट्ट्यावरून सरकत जाताना पाहिल्या. बाटली जाते तर बशी का जाऊ नये? विचार सोपा, करणे अवघड. सरळ रेषेत पट्टा चालतो, अडचण वळणावर येते. चंद्रकोरीच्या आकाराच्या पट्ट्या एकमेकींवरून सरकतील अशी साखळी हे त्यावरचे उत्तर. १९५८ मध्ये त्यांचे फिरत्या सुशीचे पहिले दुकान उघडले आणि १९७० च्या ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात ते देशाने पाहिले. पट्ट्याचा वेग सेकंदाला आठ सेंटिमीटर ठेवला जातो असे सांगतात. याहून हळू असेल तर माणूस कंटाळतो आणि जलद असेल तर घास सुकतो नि हातही पोचत नाही. आपल्या जुन्या रहाटाची गाडगी मला आठवली. भरून वर यायचे, रिते होऊन खाली जायचे. शिराइशी २००१ मध्ये वारले.

आता सुशी म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण बहुतेकांचा समज असा की सुशी म्हणजे कच्चा मासा. तसे नाही. सुशीचा प्राण भातात आहे. भात शिजवून त्यात तांदळाचेच व्हिनेगर, साखर आणि मीठ मिसळायचे आणि तो अंगाइतका कोमट होऊ द्यायचा. त्या भाताच्या मुटक्यावर मासा, अंडे, भाजी, जे ठेवाल ती सुशी. भाताशिवाय नुसता मासा कापून वाढला तर त्याला तिकडे दुसरे नाव आहे.

याचे मूळ आम्ही आदल्याच दिवशी पाहिले होते. शिगा प्रांतात बिवा नावाचे अफाट तळे आहे, जपानातले सर्वांत मोठे. त्याच्या काठी फार जुन्या पद्धतीची सुशी अजून करतात. तळ्यातला मासा मिठात मुरवायचा, मग शिजवलेल्या भातात दाबून पिंपात महिनोन्‌महिने ठेवायचा. भात आंबतो आणि त्या आंबटपणाने मासा टिकतो. आपण लोणचे घालतो तीच अक्कल. जुन्या काळी तो आंबलेला भात टाकून देत आणि मासाच खात. पुढे लोक भातही खाऊ लागले. मग आंबवण्याची वाट कशाला पाहायची म्हणून भातात व्हिनेगर घालू लागले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पावात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, हाताने वळलेला घास रस्त्यावर विकला जाऊ लागला. एके काळी फेकून द्यायचा भात असा ताटात मानाने येऊन बसला.

चवीचे विचाराल तर मी चार प्रकारचे मासे खाल्ले. पहिला घास तोंडात धरून क्षणभर डोळे मिटावे लागले, हे कबूल करतो. वास नव्हता. लोण्यासारखा मऊ आणि किंचित गोड. त्यावर भाताचा आंबटपणा आणि मागाहून वासाबीचा झणका. हा झणका जिभेवर नाही, सरळ नाकात चढतो, मोहरीच्या फेसासारखा. प्रत्येक घासानंतर आल्याचा गुलाबी काप खायचा, म्हणजे तोंड साफ. आले पातळ कापून व्हिनेगर-साखरेत मुरवलेले. ते टेबलावर डबाभर ठेवलेले असते, हवे तितके घ्या. साताऱ्याकडच्या आलेवाल्यांनी हा प्रकार घरी जरूर करून पाहावा.

इथे विस्तार कार्यकर्ता म्हणून एक सूचना केल्याशिवाय राहवत नाही. हे वाचून कोणी शेततळ्यातला रोहू-कटला कच्चा खाऊ नये. गोड्या पाण्यातल्या माशात जंत असतात आणि ते माणसाच्या पोटात घर करतात. समुद्री माशातही असतात. म्हणून कच्चा खायचा मासा तिकडे निवडून घेतात आणि पुष्कळसा उणे २० अंशांवर निदान एक दिवस गोठवून मगच वापरतात. सामन हा नारिंगी मासा आज तिकडच्या पोरांचा सर्वांत लाडका आहे. पण जुने जपानी लोक याच जंताच्या भीतीने तो कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी आपला पाळीव, गोळीखाद्यावर वाढवलेला सामन घेऊन जपानचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे तो भातावर चढला. कोळंबी तर जपान ज्या देशांकडून विकत घेतो त्यांत आपला भारत वरच्या रांगेत आहे. आणि खेकडा म्हणून जी लाल-पांढरी कांडी मिळते तिच्यात खेकडा नसतोच, माशाच्या लगद्याची असते ती. असा लगदा आपल्या रत्नागिरीतही तयार होऊन परदेशी जातो.

माझे हे चालले असताना आबा चहाचे घोट घेत बसले होते. मॅडमनी पडदा चाळायला सुरुवात केली. काकडीची सुशी सापडली. भाताच्या मध्ये काकडीची फाक आणि भोवती समुद्री शेवाळाचा काळा कागद. शेवाळ म्हणजे वनस्पतीच, असे मी सांगितल्यावर आबांनी माळेला हात लावून एक घास घेतला. मक्याचे दाणे घातलेली सुशी होती, पण तिच्यातल्या मेयोनेजमध्ये अंडे, म्हणून ती गेली. तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरलेली सुशी दिसायला अगदी निर्दोष, पण ती पिशवी बहुधा माशाच्या पाण्यात शिजवतात. जपानात शाकाहारी माणसाची फसगत होते ती इथे. वर भाजी दिसते आणि रसात सुकवलेला मासा असतो.

मग एक प्रकार असा आला की आबा खुर्चीतून उठलेच. ‘‘हा तर दुधी!’’ खरेच दुधी भोपळा होता. त्याच्या जातीतल्या गोल भोपळ्याच्या रिबिनीसारख्या लांब पट्ट्या सोलून वाळवतात. तिकडे तिला कानप्यो म्हणतात. जपानातला जवळजवळ सगळा कानप्यो तोचिगी या एकाच प्रांतात होतो. हव्या तेव्हा भिजवून सोयासॉस आणि साखरेत शिजवायच्या आणि भातात गुंडाळायच्या. त्या दुकानात तो कशात शिजवला होता याची खात्री मिळेना, म्हणून आबांनी खाल्ला नाही. पण हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि पट्टीची जाडी बोटाने मापून घेतली. आपल्याकडे दुधीचा भाव पडला की तो बांधावर फेकतात.

मावशींचे लक्ष तिकडे नव्हते. त्यांच्यापुढे सोयाबीनच्या हिरव्या शेंगा आल्या होत्या, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या. आपण हुरडा खातो तशा सोलून खायच्या. त्या त्यांना फार आवडल्या. पाठोपाठ नात्तो आला, म्हणजे आंबवलेले सोयाबीन. उचलले की मधासारख्या तारा सुटतात आणि वास असा की दिंडोरीकरांनी खुर्ची मागे सरकवली. मावशींनी मात्र दोन्ही बशा संपवल्या आणि विचारले, ‘‘साहेब, आपल्या सोयाबीनला सरकारनं चार हजार आठशे ब्याण्णव ठरविले, अन्‌ बाजारात तेवढेबी भेटले नाहीत. ह्या शेंगा इथं बशीनं विकायलेत. आपलं वाण चालंल का?’’ मी खरे ते सांगितले. शेंगांसाठी टपोऱ्या, गोडसर दाण्याचे वाण वेगळे असतात, आपले वाण तेल आणि पेंडीसाठी आहेत. हिरव्या शेंगा तोडल्यावर लगेच शीत करून पोचवाव्या लागतात, आणि सोयाबीन कधीही कच्चे खाऊ नये. मावशींनी मान हलवली, पण चार शेंगांचे दाणे रुमालात बांधून ठेवले. उकडलेले दाणे उगवत नाहीत हे त्यांना माहीत नव्हते असे नाही.

इतक्यात आबांनी तो प्रश्न विचारला. ‘‘साहेब, ही एक बशी कितीची?’’

सर्वांत स्वस्त बशी १२० येनच्या आसपास होती, म्हणजे आपले सत्तर रुपये. अनेक वर्षे ही बशी १०० येनला मिळे. २०२२ मध्ये मोठ्या दुकानांनी तो भाव सोडला.

‘‘अन्‌ ह्यातलं भातवाल्याला किती?’’

टेबलावर शांतता झाली. त्या प्रश्नाला त्या दिवशी निराळेच वजन होते. सकाळी हॉटेलात दूरदर्शनवर एकच बातमी चालली होती. जपानचे कृषिमंत्री ताकू एतो यांनी राजीनामा दिला होता. का? तर ‘मी कधी तांदूळ विकत घेतलेला नाही, पाठीराखे भरपूर आणून देतात’ अशा अर्थाचे ते भाषणात बोलून गेले. एरवी लोक हसून सोडते. पण त्या दिवसांत दुकानात पाच किलो तांदळाला सरासरी ४,२०० येनच्या वर मोजावे लागत होते, वर्षापूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. २०२३ च्या कडक उन्हाळ्याने दाणा बिघडला होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मोठ्या भूकंपाचा इशारा मिळताच लोकांनी घरे भरली आणि दुकानांची फळकुटे रिकामी पडली. त्यानंतर भाव चढतच गेला. सरकारला राखीव साठ्याची गोदामे उघडावी लागली. तांदळावरून मंत्री जातो, हे ऐकून आबांनी सकाळीच ‘‘काय सांगता!’’ म्हणून चहाचा पेला खाली ठेवला होता.

मी खिशातली वही काढली. दोन मुटके मिळून चाळीस ग्रॅम भात धरला. तेवढ्या भाताला तांदूळ लागतो अठरा ग्रॅमच्या आसपास. ४,२०० येनला पाच किलो, म्हणजे अठरा ग्रॅमचे झाले पंधरा येन. १२० मधले पंधरा. आबांच्या भाषेत रुपयात दोन आणे. वर्षापूर्वीच्या भावाने एकच आणा. आणि हा झाला दुकानातला भाव. त्यात गिरणी, आडत, वाहतूक सगळे आले. शेतकऱ्याच्या हातात पडतात ते याहून कमी.

‘‘म्हंजे जपान्याचंबी आपल्यासारखंच,’’ आबा म्हणाले. त्यांना बरे वाटले की वाईट, ते कळले नाही.

पुढची हकीकत मॅडमना ठाऊक होती आणि थोडी मी वाचली होती. जपानी माणूस १९६२ साली वर्षाला ११८ किलो तांदूळ खात असे. आज तो जेमतेम पन्नासच्या वर खातो. पाव आला, नूडल्स आल्या, मांस आले. तांदूळ गोदामात साचू लागला, तेव्हा सरकारने १९७० पासून भाताचे क्षेत्र कमी करायला सुरुवात केली. खाचर पडीक ठेवा किंवा दुसरे पीक घ्या, आम्ही पैसे देऊ. गावोगाव कोटा ठरवून देणे २०१८ मध्ये बंद झाले, पण दुसऱ्या पिकांसाठीचे अनुदान राहिले. पन्नास वर्षे ‘पिकवू नका’ ऐकलेला शेतकरी तांदळाची टंचाई झाली म्हणून एका हंगामात परत फिरत नाही. खाचराचा बांध मोडायला एक पावसाळा पुरतो, पुन्हा घालायला माणूस लागतो.

आणि माणूस कुठे आहे? आदल्या दिवशी बिवा तळ्याकाठी आम्ही ज्यांच्या शेतावर गेलो होतो ते गृहस्थ चौऱ्याहत्तर वर्षांचे. लावणी नुकतीच झाली होती, पाण्यात कोवळ्या ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ. वाण कोशिहिकारी. हे १९५६ सालचे वाण, उंच वाढते, लोळते, तरी चवीमुळे अजून राज्य करते. आपल्या आंबेमोहराशी त्याचे नाते लावावे असे आहे. लावणीचे यंत्र ते स्वतः चालवत. मुलगा ओसाकात कंपनीत. ‘तुमच्यानंतर कोण?’ असे मी विचारले, तेव्हा त्यांनी हसून हात हलवला आणि आम्हाला चहा दिला. २०२४ साली तिकडच्या मुख्य शेतकऱ्यांचे सरासरी वय ६९ च्या वर होते. मॅडम म्हणाल्या, ‘‘त्यांच्या वाडीत ते तरुणांत मोडतात.’’

त्या दुकानाच्या स्वयंपाकघरात भाताचे मुटके हाताने वळले जात नाहीत, यंत्र पाडते. त्या यंत्राची कथा मला सर्वांत आवडली. किसाकू सुझुकी नावाचे गृहस्थ मिठाईची यंत्रे बनवत. खाचरे पडीक ठेवायचे सरकारी धोरण त्यांना खटकले. त्यांनी विचार केला, लोक भात खात नाहीत म्हणून खाचर ओस पडते, तर लोकांना भात खायला लावू. सुशी स्वस्त झाली तर भात खपेल. सुशी महाग का, तर वळणारा कारागीर तयार व्हायला वर्षे लागतात. मग वळणारे यंत्रच करू. १९८१ मध्ये त्यांनी सुशी वळणारे पहिले यंत्र बाजारात आणले. आज असली यंत्रे तासाला चार हजारांवर मुटके पाडतात, आणि शिराइशींच्या पट्ट्यावर चढून ते घराघरांतल्या पोरांपुढे जातात. एवढे होऊनही भाताचा खप खाली गेला तो गेलाच. पण पडीक खाचर पाहून ज्याला यंत्र सुचले, तो माणूस मला आपल्या शेतकऱ्यांच्या पंगतीतला वाटतो.

आमच्या टेबलावर एकोणचाळीस बशा झाल्या. शेवटचा खेळ मावशींनी लावला, हरल्या. बिल माणशी आठशे रुपयांच्या आसपास आले. बाहेर पडेपर्यंत आबांचा फोन वाजला. गावाकडे मे महिन्यातच धो धो पाऊस लागला होता, दिंडोरीकरांच्या शेजाऱ्यांचा काढलेला कांदा भिजला होता. त्या रात्री हॉटेलात सगळेच फोनवर होते.

परतीच्या विमानात आबा माझ्या शेजारी होते. तेव्हा कळले की त्यांचा मुलगा रस्त्याकडचे खाचर विकायचे म्हणतो आहे. तिकडे आता जमीन एकरावर नाही, गुंठ्यावर मोजतात. पुण्या-मुंबईची माणसे बंगल्यासाठी विचारत येतात. ‘‘त्याचं चुकत न्हाई,’’ आबा म्हणाले, ‘‘दोन आण्याचा धंदा पोराला कसा सांगू?’’ मला उत्तर सुचले नाही. मग त्यांनीच विचारले, ‘‘आपल्या इंद्रायणीचा होईल का वो असला मुटका?’’

होईल, असे मी सांगितले. १९८७ मध्ये वडगाव मावळच्या केंद्राने आंबेमोहर आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेला इंद्रायणी शिजल्यावर मऊ आणि जरा चिकट होतो, त्याला आकार धरता येतो. बासमती-कोलमचे हे काम नाही. प्रमाणही लिहून दिले ते असे. दोन वाट्या तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवावा आणि बेताच्या पाण्यात मोकळा न करता शिजवावा. पाव वाटी व्हिनेगरमध्ये दोन चमचे साखर आणि पाऊण चमचा मीठ विरघळवून ते गरम भातावर शिंपडावे, आणि एकीकडे पंख्याने वारा घालत भात उलथन्याने हलक्या हाताने कापल्यासारखा हलवावा. घोटू नये. वळताना हात व्हिनेगरच्या पाण्याने ओले ठेवावे, नाहीतर अर्धा भात हातालाच राहतो.

जुलैत भोरकडे फेरी होती, म्हणून आबांच्या वाडीवर गेलो. लावणी चालू होती. सुनेने दुपारचे जेवण बांधावर आणले, त्यात भाकरी-भाजीबरोबर एका डब्यात भाताच्या गुंडाळ्या होत्या. शेवाळाचा कागद मिळाला नाही म्हणून ओल्या फडक्यात वळून फडके काढून घेतलेले, आत परसातली काकडी. व्हिनेगर नव्हते, त्याऐवजी लिंबू. आकार थोडा बसका, पण इंद्रायणीच्या वासाला लिंबू फार छान लागत होते. ओसाकात मी खाल्ले त्याहून मला हे आवडले, हे इथे लिहून ठेवतो.

मुलगा चिखलणीचे यंत्र थांबवून आला. पाय गुडघ्यापर्यंत भरलेले. त्याने उभ्यानेच तीन खाल्ल्या आणि विचारले, ‘‘आबा, ह्याचं तिकडं किती म्हणला हुता?’’

‘‘बशीला सत्तर रुपये.’’

‘‘अन्‌ तांदळाचं?’’

आबांनी दोन बोटे वर केली. पोरगा हसला, चौथी उचलली आणि परत चिखलात उतरला. रस्त्याकडचे खाचर त्याच सकाळी लावून झाले होते.